इंटरनेट नसलेल्या शाळेसाठी आपली आपण चालू होणारी सॉफ्टवेअर डिस्क: पहिल्या फोल्डरपासून बर्न करेपर्यंत

मुळशी तालुक्यातल्या एका शाळेत चौदा संगणक आहेत. पुण्यातल्या कंपन्या जुनी मशिनं काढतात, त्यातली चांगली निवडून, साफ करून, विंडोज नव्याने टाकून आम्ही काही मित्र अशा शाळांना देतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे एरवी धडधाकट असलेली मशिनं हल्ली भराभर बाहेर पडतात. मशिन मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड असतं ते त्यानंतरचं. ऑफिस, ब्राउझर, पीडीएफ वाचण्याचं सॉफ्टवेअर आणि मराठी फॉन्ट हे सगळं चौदा ठिकाणी एकसारखं टाकायचं, तेही मोबाइलची रेंज खिडकीपाशी उभं राहिल्यावरच मिळते अशा ठिकाणी.

पहिल्या खेपेला मी सगळं पेनड्राइव्हवर नेलं. तिथे आधीपासून असलेल्या एका संगणकात शॉर्टकट व्हायरस होता. मी पेनड्राइव्ह त्यात लावला, मग पुढच्यात, मग त्याच्या पुढच्यात. दुपारपर्यंत सहा मशिनांवर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले. तो व्हायरस माझ्या हातानेच तिथे पसरला होता. त्यानंतर मी डीव्हीडीवर आलो. एकदा लिहून बंद केलेल्या डिस्कवर कुठल्याही मशिनचा व्हायरस काही लिहू शकत नाही. दहा शाळा फिरून आली तरी डिस्क पहिल्या दिवशी होती तशीच राहते. शिवाय ती आत घातली की मेनू समोर येतो, त्यामुळे पुढच्या वेळी मी नसलो तरी तिथल्या बाई ते काम करू शकतात. हा लेख अशी डिस्क कशी बनवायची याबद्दल आहे.

जिथे चांगलं इंटरनेट आहे तिथे एवढा खटाटोप करू नका, थेट डाउनलोड करा. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

ऑटोरन म्हणजे नेमकं काय

विंडोज ९५ पासून ही सोय आहे. ड्राइव्हमध्ये डिस्क गेली की विंडोज तिच्या सगळ्यात वरच्या पातळीवर ऑटोरन.आयएनएफ नावाची फाइल शोधते. ही चार ओळींची साधी मजकूर फाइल असते. कोणता प्रोग्रॅम चालवायचा, ड्राइव्हला कोणतं चिन्ह आणि कोणतं नाव दाखवायचं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं.

पूर्वी हेच पेनड्राइव्हलाही लागू होतं आणि त्याचा भयंकर गैरवापर झाला. २००८ च्या अखेरीस पसरलेला कॉन्फिकर नावाचा व्हायरस पेनड्राइव्हवर स्वतःची ऑटोरन फाइल टाकून एका संगणकावरून दुसऱ्यावर जायचा. म्हणून विंडोज ७ पासून पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं गेलं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी व व्हिस्टासाठीही तसाच अपडेट आला. सीडी-डीव्हीडीचं मात्र चालू राहिलं. पेनड्राइव्हवर हेच फोल्डर कॉपी केलं तर चिन्ह आणि नाव दिसेल, पण मेनू आपोआप उघडणार नाही. त्यासाठी कुठली युक्ती शोधत बसू नका, तो दरवाजा मुद्दाम बंद केलेला आहे आणि तो बंदच बरा.

नव्या विंडोजमध्ये डीव्हीडी घातली तरी प्रोग्रॅम लगेच धावत नाही. कोपऱ्यात किंवा मधोमध एक सूचना येते, तिच्यावर क्लिक करून ‘चालवा’ निवडावं लागतं. कुणी सेटिंगमध्ये ऑटोप्ले, म्हणजे ही सूचना दाखवण्याची सोय, बंद करून ठेवलं असेल तर तीही येत नाही. तेव्हा ‘धिस पीसी’ उघडून डिस्कच्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं की तोच मेनू उघडतो. ऑटोरन नको असेल, म्हणजे डिस्कमधल्या फाइली नुसत्या पाहायच्या असतील, तर राइट-क्लिक करून ‘ओपन’ म्हणा.

सामान

पुण्याच्या तपकीर गल्लीत कोऱ्या डीव्हीडी अजून मिळतात, सुट्या आणि पन्नासच्या डब्यातही. सुट्या घेताना ओळखीचा ब्रँड घ्या आणि मागची बाजू उजेडात तिरपी धरून ओरखडे बघा. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क सरावासाठी एखादी ठेवा, पण शाळेत द्यायची डिस्क एकदाच लिहिता येणारी हवी. सगळा भर त्याच गुणावर आहे.

सीडीत ७०० एमबी मावतात. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं, पण विंडोजच्या मोजणीत ते ४.३७ जीबी भरतं. फोल्डर ४.२ जीबीच्या आत ठेवलं की निर्धास्त. आमचा पूर्ण संच दीड जीबीच्या आत बसतो.

पुष्कळ नव्या मशिनांत डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीला लागणारा बाहेरचा ड्राइव्ह घ्या. विंडोज त्याला ऑप्टिकल ड्राइव्हच समजते, त्यामुळे ऑटोरन त्यातही चालतं. डेस्कटॉपला लावताना तो मागच्या पोर्टमध्ये लावा. पुढच्या पोर्टांना आतून लांब वायर गेलेली असते, जुन्या मशिनांत तिथे वीज कमी पडते आणि ड्राइव्ह नुसताच टिकटिक करत राहतो. डिस्क खराब आहे असं वाटतं, खरी अडचण वायरीत असते.

काय भरायचं

प्रत्येक सॉफ्टवेअरचा ऑफलाइन, म्हणजे पूर्ण इन्स्टॉलर हवा. मूळ संकेतस्थळावर मोठ्या बटणाने मिळणारी दोन-चार एमबीची फाइल बहुतेक वेळा नुसती निरोप्या असते. ती चालवली की खरं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून आणायला लागते. हे शाळेत पोहोचल्यावर कळलं तर दिवस वाया जातो. म्हणून फाइलचा आकार बघा. लिब्रेऑफिसचा इन्स्टॉलर काहीशे एमबीचा असतो, आणि फायरफॉक्सचा पूर्ण इन्स्टॉलर निरोप्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. सेव्हन-झिप मात्र खरोखरच दोन एमबीच्या आत आहे.

आमच्या डिस्कवर सेव्हन-झिप, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, सुमात्रा पीडीएफ आणि दोन मराठी फॉन्ट आहेत: मुक्ता आणि नोटो सॅन्स देवनागरी. हे सगळं मुक्त परवान्याचं आहे, जसंच्या तसं वाटायला कुणाची हरकत नाही. ‘फुकट मिळतं’ आणि ‘वाटता येतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲडोबीचं रीडर फुकट असलं तरी ते डिस्कवर घालून वाटायला वेगळी परवानगी लागते. आणि क्रॅक केलेलं ऑफिस शाळेच्या डिस्कवर कधीही घालू नका. मुलं तिथे पहिल्यांदा संगणकाला हात लावतात.

मशिनवर विंडोज ७ असेल तर फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी) ही शेवटची चालणारी आवृत्ती, आणि क्रोमची १०९. ताज्या आवृत्त्या तिथे इन्स्टॉलच होणार नाहीत. तसंच विंडोजच्या ३२ बिट आणि ६४ बिट या दोन प्रकारांसाठी दोन्ही इन्स्टॉलर लागतील का हे आधी बघून घ्या. दोन जीबी रॅमच्या जुन्या मशिनांत ३२ बिट विंडोज हमखास सापडते.

फाइली उतरवल्या की प्रत्येकीवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथे बनवणाऱ्याचं नाव दिसायला हवं. ज्या प्रकल्पांच्या इन्स्टॉलरवर सही नसते त्यांची एसएचए-२५६ बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली लांब खूण, मजकूर जरा बदलला तरी बदलणारी) बहुतेक वेळा संकेतस्थळावर दिलेली असते. विंडोजमधल्या सर्टयुटिल या कमांडने आपल्या फाइलची बेरीज काढून ती अक्षर न अक्षर ताडून पाहा. मग पूर्ण फोल्डर अँटिव्हायरसने तपासा. डिस्क बंद असते याचा अर्थ चूकही आत कायमची बंद होते. व्हायरस बर्न झाला तर तो कुणालाच पुसता येणार नाही.

फोल्डरची मांडणी

डी ड्राइव्हवर ‘संच’ असं एक फोल्डर करा, पण नाव इंग्रजी अक्षरांत द्या. आतल्या एकूणएक फाइलींची नावंही इंग्रजी छोट्या अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा. मराठी नावं संगणकाला दिसतात, पण बॅच फाइल (एकामागून एक चालायच्या आज्ञांची मजकूर फाइल) आणि बर्निंग सॉफ्टवेअर यांच्यामधून जाताना ती कुठेतरी प्रश्नचिन्हं होतात. इन्स्टॉलरच्या लांबलचक नावांतले आवृत्तीचे आकडेही काढा आणि नुसतं ‘ऑफिस’, ‘व्हीएलसी’ असं ठेवा. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली की फक्त फाइल बदलायची, आज्ञांना हात लावावा लागत नाही.

वरच्या पातळीवर तीनच फाइली ठेवा: ऑटोरनची, मेनूची आणि चिन्हाची. बाकी सगळं ‘सॉफ्ट’ आणि ‘फॉन्ट’ या दोन उपफोल्डरांत.

पुढे ज्या आज्ञा येतात त्या मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरायचे. जिथे एकेक अक्षर सुटं आहे तिथे मध्ये जोडरेघ दिली आहे, ती टाइप करायची नाही. खरं वजाचं चिन्ह हवं तिथे (उणे) असं लिहिलं आहे. बाकी चिन्हं दिसतात तशीच.

ऑटोरनची फाइल

नोटपॅड उघडा आणि लिहा:

[ऑटोरन]
ओपन=मेनू.सी-एम-डी
आयकॉन=शाळा.आय-सी-ओ
लेबल=शाळा संच

सेव्ह करताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला नावाचा. नोटपॅड मागे गुपचूप टीएक्सटी जोडतं, विंडोज ते शेपूट लपवते, आणि फाइल बरोबर दिसत असूनही चालत नाही. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये फाइलींची शेपटं दाखवण्याची खूण कायमची चालू करून ठेवा.

दुसरा घोटाळा एन्कोडिंगचा, आणि हा माणसाला रडवतो. फाइल ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ अशी सेव्ह झाली तर सुरुवातीला तीन अदृश्य बाइट बसतात. मग विंडोजला पहिली कंसातली ओळ ओळखू येत नाही आणि पूर्ण फाइल वाया जाते. सेव्हच्या चौकटीत खाली एन्कोडिंग ‘एएनएसआय’ करा.

चिन्हासाठी शाळेचं बोधचिन्ह किंवा साधं पुस्तकाचं चित्र घेऊन त्याची आयसीओ फाइल करा. जेपीजीचं नुसतं शेपूट बदलून चालत नाही. जिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून ‘एक्स्पोर्ट’ केलं की खरी आयसीओ मिळते.

मेनू: सगळं काम इथे आहे

मेनू मी बॅच फाइलमध्येच करतो. एचटीए प्रकारची फाइल केली तर मराठी अक्षरांतली सुंदर बटणं बनवता येतात, मीही ती केली होती. पण एचटीए चालवणारा विंडोजचा भाग व्हायरसवाल्यांनी इतका वापरला आहे की अँटिव्हायरस त्याच्याकडे संशयाने बघतात, आणि कुठल्या शाळेत कोणता अँटिव्हायरस भेटेल याचा नेम नाही. बॅच फाइलची काळी खिडकी देवनागरी नीट दाखवत नाही, म्हणून तिथे रोमन अक्षरांत मराठी लिहितो आणि डिस्कच्या पाकिटात मराठीत छापलेला कागद घालतो. शिक्षकांना तो कागदच जास्त उपयोगी पडला आहे.

पहिली पायरी अधिकारांची. ऑटोरनने चालू झालेली फाइल साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालते. त्या अवस्थेत काही इन्स्टॉलर दर वेळी परवानगीची खिडकी दाखवतात, आणि गुपचूप चालणारे एमएसआय प्रकारचे इन्स्टॉलर तर काहीही न बोलता अपयशी होतात. म्हणून सुरुवातीलाच एकदा परवानगी घ्यायची:

@एको ऑफ
एफ-एल-टी-एम-सी >एन-यू-एल २>&१
इफ %एररलेव्हल%==० गोटू पुढे
पॉवरशेल "स्टार्ट(उणे)प्रोसेस '%~एफ०' (उणे)व्हर्ब रनॲज"
एक्झिट
:पुढे

दुसऱ्या ओळीतली कमांड प्रशासकाचे अधिकार असतील तरच यशस्वी होते. ती फसली तर फाइल स्वतःलाच अधिकारांसकट पुन्हा उघडते आणि जुनी खिडकी बंद होते. इथे बरेच जण ‘नेट सेशन’ ही कमांड वापरतात. पण विंडोजची सर्व्हर सेवा बंद असलेल्या मशिनवर ती अधिकार असूनही फसते, आणि मेनू स्वतःला पुन्हा पुन्हा उघडत राहतो. म्हणून मी ती सोडली.

अधिकारांसकट उघडल्यावर फाइलचा मुक्काम डिस्कवर राहत नाही, तो विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये जातो. नुसतं ‘सॉफ्ट\ऑफिस’ असं लिहिलं तर ते तिथे शोधलं जातं आणि सापडत नाही. शिवाय डिस्कचं अक्षर एका मशिनवर डी, दुसऱ्यावर ई, तिसऱ्यावर एफ. दोन्हीवर उपाय एकच: प्रत्येक पत्त्याच्या आधी %~डी-पी० लिहायचं. बॅच फाइल स्वतः जिथे आहे तो पूर्ण पत्ता, शेवटच्या तिरक्या रेघेसकट, त्या जागी येतो. या लेखातलं एकच चिन्ह लक्षात ठेवायचं झालं तर ते हे.

आता इन्स्टॉलर गुपचूप चालवण्याचे स्विच, म्हणजे त्याच्या नावापुढे लिहायच्या छोट्या सूचना. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ हे चौदा मशिनांवर पाच सॉफ्टवेअरसाठी करून बघा, म्हणजे त्यांचं महत्त्व कळेल. इन्स्टॉलर कोणत्या पद्धतीने बांधला आहे त्यावर स्विच ठरतो. एमएसआय असेल तर /क्यू-एन आणि /नोरीस्टार्ट. एनएसआयएस पद्धतीचा असेल तर /एस, आणि हा एस मोठाच हवा, छोटा चालत नाही. इनो सेटअपचा असेल तर /व्हेरीसायलेंट आणि /नोरीस्टार्ट. व्हीएलसी, सेव्हन-झिप आणि फायरफॉक्सला मोठा एस चालतो. सुमात्रासाठी (उणे)इन्स्टॉल (उणे)एस. अनोळखी इन्स्टॉलर असेल तर कमांड खिडकीत त्याच्या नावापुढे /? देऊन पाहा, पुष्कळदा तो स्वतःच यादी दाखवतो.

ओळी अशा होतात:

स्टार्ट "" /वेट "%~डी-पी०सॉफ्ट\सेव्हनझिप.ई-एक्स-ई" /एस
स्टार्ट "" /वेट एम-एस-आय-ई-एक्स-ई-सी /आय "%~डी-पी०सॉफ्ट\ऑफिस.एम-एस-आय" /क्यू-एन /नोरीस्टार्ट

‘स्टार्ट’नंतरची रिकामी अवतरणचिन्हं गाळू नका. स्टार्ट ही कमांड अवतरणातला पहिला मजकूर खिडकीचं शीर्षक समजते. ती रिकामी जोडी नसेल तर तुमच्या इन्स्टॉलरचा पत्ताच शीर्षक होतो आणि दुसरी काळी खिडकी उघडून बसते. ‘/वेट’मुळे एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही. हे गाळलंत तर दोन एमएसआय एकाच वेळी धावतात आणि दुसरा १६१८ हा आकडा देऊन परततो. ‘आधीचं इन्स्टॉलेशन चालू आहे’ हा त्याचा अर्थ.

३२ की ६४ बिट हे ओळखायला सोपी खूण आहे. विंडोजच्या फोल्डरात सिसवाऊ६४ नावाचं उपफोल्डर फक्त ६४ बिटमध्ये असतं. ‘इफ एक्झिस्ट’ने ते आहे का बघायचं आणि त्याप्रमाणे ६४ किंवा ३२ च्या ओळींवर ‘गोटू’ने जायचं. या ओळी कंसांच्या गटात घालू नका. कंसात %एररलेव्हल% ची किंमत गटात शिरतानाच ठरते, आतल्या कमांडनंतर बदलत नाही, आणि सगळं यशस्वी झाल्याची खोटी नोंद होते.

नोंदींबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण गुपचूप इन्स्टॉलेशनमध्ये काय झालं ते डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या ओळीनंतर लगेच ही ओळ घाला:

एको %डेट% %टाइम% ऑफिस %एररलेव्हल% >> सी:\संच\नोंद.टी-एक्स-टी

‘संच’ हे फोल्डर आधी ‘एम-डी’ कमांडने करून घ्या. नोंद सी ड्राइव्हवरच, कारण डिस्कवर लिहिता येत नाही. आणि %एररलेव्हल% व दोन बाणांच्या मध्ये एक मोकळी जागा हवीच. ती नसेल तर बाणांना चिकटलेला आकडा कमांडला वेगळाच अर्थ सांगतो आणि नोंदीतून नेमका तो आकडाच गायब होतो. या एका जागेपायी मी अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

नोंदीत शून्य म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण रीस्टार्ट हवा. १६०३ म्हणजे गंभीर चूक, बहुतेकदा अधिकार नसणं, जागा संपणं किंवा जुनी अर्धवट आवृत्ती अडकलेली असणं.

फॉन्टसाठी दोन कामं लागतात: फाइल विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात ‘कॉपी’ करणं, आणि ‘रेग ॲड’ने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) एचकेएलएमखालच्या विंडोज एनटी, करंटव्हर्जन, फॉन्ट्स या ठिकाणी तिचं नाव नोंदवणं. नुसती कॉपी केली तर काही सॉफ्टवेअरना फॉन्ट दिसतच नाही. मराठी कीबोर्ड मात्र डिस्कवर घालावा लागत नाही. इनस्क्रिप्ट विंडोजमध्येच असतो, आणि विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मराठी फोनेटिकही आहे. भाषेच्या सेटिंगमधून तो हाताने जोडायचा. हे पाकिटातल्या कागदावर चित्रासह छापा.

शेवटी मेनूचा वरचा भाग. ‘एको’ने चार ओळी दाखवा: १ सगळं टाका, २ फक्त ऑफिस, ३ फक्त फॉन्ट, ४ बंद करा. खाली ‘चॉइस /सी १२३४’, आणि मग प्रत्येक आकड्यासाठी ‘इफ %एररलेव्हल%==’ करून त्या-त्या भागाकडे ‘गोटू’. यापेक्षा जास्त पर्याय देऊ नका. मी एकदा अकरा पर्याय दिले होते, आणि फोन आला, “सर, यातलं नक्की कोणतं दाबू?” सगळ्यात शेवटी ‘पॉज’ घाला, म्हणजे खिडकी झटकन नाहीशी होत नाही आणि ‘काम झालं’ ही ओळ वाचता येते.

इमेज, चाचणी, बर्न

फोल्डर थेट बर्न न करता आधी त्याची आयएसओ इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची एकच फाइल, करा. इमेज संगणकावर राहते, तिची चाचणी घेता येते आणि पुढच्या प्रती हुबेहूब निघतात. इमगबर्न या सॉफ्टवेअरमध्ये ‘फाइली-फोल्डरांपासून इमेज करा’ हा पर्याय आहे. हे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना प्रत्येक पडद्यावरचा मजकूर वाचा आणि जादा काही देऊ केलं तर नको म्हणा. फाइल सिस्टिम आयएसओ ९६६० अधिक जोलिएट निवडा, जोलिएटमुळे फाइलींची लांब नावं टिकतात. जोलिएटमध्ये डिस्कचं नाव १६ अक्षरांपर्यंतच असतं. ‘संच’ हे फोल्डर उचलून टाकल्यावर सॉफ्टवेअर विचारतं, की त्यातला मजकूर डिस्कच्या मुळाशी ठेवायचा का. ‘हो’ म्हणा. ‘नाही’ म्हटलंत तर ऑटोरनची फाइल एक पायरी आत जाते आणि विंडोजला सापडत नाही. ‘माझं ऑटोरन चालत नाही’ म्हणून मला दाखवलेल्या डिस्कांपैकी निम्म्याअधिक डिस्कांत हाच प्रकार होता.

लिनक्स वापरत असाल तर जेनआयएसओइमेज किंवा झोरिसो हे काम एका ओळीत करतात. तिथे जोलिएटचा मोठा जे विसरू नका.

आता चाचणी. विंडोज ८ पासून आयएसओवर दोनदा क्लिक केलं की ती डीव्हीडीसारखी जोडली जाते. चिन्ह आणि नाव आलं का, ड्राइव्हवर क्लिक केल्यावर मेनू उघडला का, हे तिथेच दिसतं. पण खरी परीक्षा कोऱ्या विंडोजवर घ्या. तुमच्या मशिनवर सगळं आधीच असतं, तिथे काहीही यशस्वी होतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) कोरी विंडोज टाका, स्नॅपशॉट घ्या, म्हणजे त्या स्थितीवर परत येता येतं, इमेज जोडा, नेटवर्क मुद्दाम बंद करा आणि १ दाबा. नेटवर्क बंद ठेवल्यामुळे निरोप्या इन्स्टॉलर चुकून राहिला असेल तर लगेच पकडला जातो. नोंद वाचा, दुरुस्ती करा, स्नॅपशॉटवर परत जा. मला पहिल्या डिस्कसाठी हे नऊ वेळा करावं लागलं. नऊ डीव्हीडी वाया जाण्यापेक्षा ते खूप स्वस्त पडलं.

बर्न करायला विंडोज ७ पासून वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. इमेजवर राइट-क्लिक, ‘बर्न डिस्क इमेज’, आणि खालच्या ‘व्हेरिफाय’वर खूण. वेळ दुप्पट लागेल, लागू द्या. वेग निवडता येणारं सॉफ्टवेअर असेल तर सगळ्यात जास्त वेग घेऊ नका. शाळेतले जुने ड्राइव्ह थकलेले असतात, आणि ४ एक्स किंवा ८ एक्सवर लिहिलेल्या डिस्का आमच्या अनुभवात त्यांनी जास्त नीट वाचल्या. इमेज न करता फोल्डर थेट बर्न करत असाल आणि विंडोजने ‘पेनड्राइव्हसारखी वापरायची का’ असं विचारलं, तर तो पर्याय घेऊ नका. दुसरा, सीडी-डीव्हीडी प्लेअरचा पर्याय घ्या. पहिल्यात डिस्क उघडी राहते.

बर्न झालेली डिस्क ज्या मशिनवर लिहिली त्यावर नाही, दुसऱ्याच मशिनवर वाचून पाहा.

डिस्कवर बॉलपेनने लिहू नका, वरचा थर चिरतो. सीडी मार्करने ‘शाळा संच’, महिना आणि वर्ष लिहा. कागदी स्टिकर तर मुळीच लावू नका, वजन एका बाजूला जाऊन डिस्क थरथरते आणि पावसाळ्यात कडा सुटतात. मुळशी-भोरकडचा पाऊस चार महिने भिंतींतून झिरपतो, म्हणून कागदी पाकिटाऐवजी प्लॅस्टिकची डबी द्या, उभी ठेवायला सांगा आणि उन्हाच्या खिडकीपासून लांब.

दर शाळेला मी दोन प्रती देतो, एक प्रयोगशाळेत आणि एक मुख्याध्यापकांच्या कपाटात. सहा महिन्यांनी नव्या आवृत्त्या भरून इमेज पुन्हा करतो, आणि नवी डिस्क देताना जुनी परत मागून घेऊन मोडतो, कारण जुना ब्राउझर टाकलेलं मशिन इंटरनेटला लागलं की धोक्यात असतं. पाकिटातल्या कागदावर पाच ओळी आहेत: डिस्क घाला. सूचना आली नाही तर डिस्कच्या चित्रावर दोनदा क्लिक करा. परवानगी विचारली की ‘येस’ म्हणा. १ दाबा. ‘काम झालं’ दिसेपर्यंत, साधारण वीस मिनिटं, मशिन बंद करू नका. आणि खाली, नोंदीच्या फाइलमध्ये शून्य किंवा ३०१० सोडून दुसरा आकडा दिसला तर तो फोनवर वाचून दाखवा.